मांजरीची किडनी, कुत्र्याचे ताट आणि प्रथिनांवरचा आळ

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एका वाचकाच्या घरी १२ वर्षांची मांजर आणि ६ वर्षांचा कुत्रा आहे. वर्षभरात मांजरीचे वजन हळूहळू उतरले आणि ती पाणी जास्त पिऊ लागली, म्हणून तपासणी केली. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो कचरा) २.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही जवळजवळ तेवढेच भरले. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा जुनाट विकार, चारपैकी दुसरा टप्पा, असे निदान करून किडनीच्या रुग्णांसाठीचे खास खाद्य लिहून दिले, पण मांजर त्याला तोंड लावत नाही. घरातील एकाचे म्हणणे असे की दुसरे काही देऊ नये, भूक लागली की खाईल. या हट्टात दोन दिवस गेले आहेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की इतकी वर्षे भरपूर प्रथिनांचे कोरडे खाद्य दिल्यामुळेच हा आजार झाला, तेव्हा आता निदान कुत्र्याचे तरी मांस बंद करावे. वाचकाने बरेच वाचन केले, पण एक संशोधन दुसऱ्याला खोडून काढते असे दिसते आणि त्यामागे खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा आहे असेही कळते. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "मी माझ्याच हाताने तिला आजारी पाडले का?"

उत्तर:

आधी उपवासाबद्दल, कारण ती गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही. मांजरीने खरोखरच दोन दिवस काही खाल्ले नसेल, तर पुढे वाचण्यापूर्वी तिचे जुने खाद्य तिच्यापुढे ठेवा आणि तेही तिने नाकारले तर आजच डॉक्टरांना दाखवा. मांजर काही दिवस उपाशी राहिली की अंगातील चरबी मोठ्या प्रमाणावर यकृतात येऊन साचते आणि यकृताचे कामच बंद पडू लागते. लठ्ठ मांजरींना हा धोका जास्त असतो, तरी बारीक मांजर त्यातून सुटते असे नाही. शिवाय मूत्रपिंडाच्या विकारात मळमळ असते. ताटाजवळ येऊन वास घेणे, ओठ चाटणे आणि मागे फिरणे याला आपण हट्ट म्हणतो, पण पुष्कळदा ती मळमळच असते. तिच्याशी हट्टाने जिंकता येत नाही. उलट जे खाद्य पुढे असताना तिला बरे वाटत नव्हते, त्या खाद्याचाच ती कायमचा तिटकारा घेते. म्हणून ते नवे खाद्य सध्या तिच्यासमोरून हलवा. ते कसे परत आणायचे, ते पुढे येईलच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्यात दोन समजुती गृहीत धरलेल्या आहेत: हा आजार अन्नातून आला आणि तो अलीकडे आला. दोन्ही तपासून पाहण्याजोग्या आहेत.

म्हाताऱ्या मांजरींत मूत्रपिंडाचा जुनाट विकार इतका सर्रास आढळतो की वेगवेगळे खाद्य खाणाऱ्या, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या मांजरींना तो होतच असतो. निदान होते तेव्हा मूत्रपिंडात बहुधा जुनी सूज आणि वणासारखे तंतू एवढेच उरलेले असते आणि मूळ घाव कशाचा होता हे बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही. काही मांजरींत कारण आनुवंशिक असते. पर्शियन मांजरींतील मूत्रपिंडातल्या गाठींचा विकार हे त्याचे ठळक उदाहरण. कोरडे खाद्य खाल्ल्याने हा आजार होतो असे ठामपणे दाखवणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ओल्या खाद्यातून पाणी जास्त पोटात जाते हे खरे आहे आणि आजारी मांजरीसाठी ते उपयोगाचेही आहे, परंतु त्यावरून कोरडे खाद्य गुन्हेगार ठरत नाही.

राहिला काळाचा प्रश्न. मूत्रपिंडांकडे शक्तीचा मोठा साठा असतो आणि सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन सहसा मर्यादेच्या वर जात नाही. २०१५ पासून वापरात आलेली एसडीएमए ही रक्तचाचणी याआधी, सरासरीने सुमारे ४० टक्के कार्यक्षमता गेल्यावर, इशारा देते. तरीही त्याआधीचा काळ अंधारातच राहतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की या आजाराच्या मांजरींचे वजन निदानाच्या तीन वर्षे आधीपासूनच घटू लागलेले असते आणि शेवटच्या वर्षभरात ते सुमारे ९ टक्क्यांनी उतरलेले असते. तुमच्या मांजरीचे उतरलेले वजन हा त्या आजाराचाच भाग होता. तुम्ही ते पाहिलेत, तपासणी केलीत आणि दुसऱ्या टप्प्यावर निदान झाले. पुष्कळ मांजरी डॉक्टरांपर्यंत पोहोचतात तेव्हा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर असतो.

प्रथिनांवरचा आळ कोठून आला, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या घरातील दुसऱ्या सदस्याचे मत हवेतून आलेले नाही. १९८२ मध्ये मूत्रपिंडाचे संशोधक ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा सिद्धान्त मांडला की प्रथिनांनी भरलेले अन्न मूत्रपिंडातील गाळण्यांवर दाब वाढवते आणि उरलेल्या गाळण्या त्या ओझ्याखाली झिजतात. त्याला आधार होता तो मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचा. तेथून ही कल्पना माणसांच्या व प्राण्यांच्या वैद्यकात पसरली आणि "म्हातारपण आले की प्रथिने कमी करा" हा सल्ला रूढ झाला. मग ती कुत्र्यांवर तपासली गेली. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात डेल्मर फिन्को यांच्या गटाने एक मूत्रपिंड काढलेल्या वयस्क कुत्र्यांना चार वर्षे, काहींना १८ टक्के तर काहींना ३४ टक्के प्रथिने असलेले अन्न दिले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की जास्त प्रथिने खाणाऱ्या कुत्र्यांच्या उरलेल्या मूत्रपिंडाचे काही बिघडले नाही. त्याच गटाने त्याआधी, १९९२ मध्ये, मूत्रपिंडाचा बहुतांश भाग काढून टाकलेल्या कुत्र्यांना कमी-जास्त प्रथिने आणि कमी-जास्त फॉस्फरस यांच्या चारही जोड्या करून खाऊ घातल्या होत्या. कमी फॉस्फरस मिळालेले कुत्रे जास्त जगले. प्रथिनांच्या प्रमाणाने जगण्यात फरक पडला नाही. निरोगी प्राण्यांची मूत्रपिंडे कापून केलेले हे प्रयोग वाचताना मन अस्वस्थ होते, आणि शस्त्रक्रियेने घडवलेला आजार हा नैसर्गिक आजारासारखाच वागतो का, ही शंकाही रास्त आहे. पण त्या काळी रूढ झालेल्या समजुतीला धक्का बसला तो याच प्रयोगांनी.

मांजरींबाबत चित्र थोडा काळ उलट दिसले. १९९० च्या दशकातील एका प्रयोगात जास्त प्रथिने खाणाऱ्या मांजरींच्या मूत्रपिंडांत इजा आढळली. मात्र त्या मांजरींच्या पोटात एकूण उष्मांकही जास्त गेले होते. पुढे प्रथिने आणि उष्मांक यांना वेगळे करून पाहिले, तेव्हा प्रथिनांचा तो दोष दिसला नाही. तुम्हाला जी संशोधने एकमेकांना खोडणारी वाटली, त्यांतली बरीचशी अशीच आहेत: एकाने दोन गोष्टी एकत्र बदलल्या, दुसऱ्याने त्या सोडवून पाहिल्या.

मग किडनीच्या खाद्यात प्रथिने कमी का ठेवतात? एक कारण म्हणजे मूत्रपिंडे थकली की प्रथिनांच्या विघटनातून होणारा कचरा रक्तात साचतो आणि मळमळ, उलट्या, तोंडातील फोड वाढतात. पुढच्या टप्प्यांत प्रथिने आवरल्याने जनावराला बरे वाटते. दुसरे कारण असे की मांसाबरोबर फॉस्फरस येतोच. परंतु "आवरणे" आणि "बंद करणे" यांत मोठे अंतर आहे. मांजर मूळची मांसाहारी. प्रथिने कमी मिळाली तरी तिचे यकृत ती जाळण्याचा वेग फारसा कमी करू शकत नाही आणि तूट भरून निघते ती तिच्याच स्नायूंतून. प्रौढ मांजरीच्या खाद्यासाठी अमेरिकेतील आफ्को या संस्थेने ठरवलेली किमान मर्यादा कोरड्या वजनाच्या २६ टक्के आहे आणि मांजरींसाठीचे किडनीचे खाद्यही सहसा तिच्या थोडे वरच असते. वजन आधीच उतरलेल्या मांजरीचे मांस बंद करणे म्हणजे तिच्या स्नायूंवर घाला घालणे. त्यात एक फसवी गोष्टही घडते: क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे स्नायू झडले की ते खाली येते आणि घरात सगळ्यांना वाटते की पथ्य लागू पडले.

खरा लक्ष देण्याचा घटक फॉस्फरस आहे. त्याचे नाव पिशवीवर मोठ्या अक्षरांत नसते, म्हणून घरगुती वादात तो कधी येत नाही. मूत्रपिंडे तो बाहेर टाकू शकली नाहीत की शरीर संप्रेरकांच्या मदतीने त्याला ढकलत राहते. रक्तातील पातळी वाढण्याच्या आधीच ही ओढाताण सुरू झालेली असते आणि तिचा भार हाडांवर व उरलेल्या मूत्रपिंडावर पडतो. लंडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या, नैसर्गिक आजार असलेल्या ५० मांजरींच्या अभ्यासात खास खाद्य घेणाऱ्या मांजरींचे मध्यक आयुष्य निदानानंतर ६३३ दिवस, तर न घेणाऱ्यांचे २६४ दिवस भरले. मात्र त्या अभ्यासात गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्या मांजरींनी खाद्य नाकारले किंवा ज्यांच्या मालकांनी ते दिले नाही त्या दुसऱ्या गटात गेल्या आणि न खाणारी मांजर मुळातच जास्त आजारी असू शकते. ही उणीव २००६ च्या अमेरिकी चाचणीत भरून निघाली. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील ४५ मांजरींची यादृच्छिक विभागणी करून दोन वर्षांपर्यंत पाहिले, तेव्हा साध्या खाद्याच्या गटातील २३ पैकी ६ मांजरींची प्रकृती रक्तात विषारी कचरा वाढून एकाएकी गंभीर झाली आणि ५ मांजरी मूत्रपिंडाच्या कारणाने गेल्या. खास खाद्याच्या गटात दोन्ही आकडे शून्य होते. तुमची मांजर नेमकी याच टप्प्यात आहे, म्हणून डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे असे मी निःशंकपणे म्हणेन. मात्र या खाद्यात फॉस्फरस, प्रथिने, मीठ, पोटॅशियम, आम्लता आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ असे सगळेच एकदम बदललेले असते, तेव्हा त्यातील नेमक्या कशाने किती फायदा झाला हे ही चाचणी सांगू शकत नाही.

कंपन्यांच्या पैशाबद्दलचा तुमचा संशय मला निरोगी वाटतो. या क्षेत्रातील बरेच संशोधन खाद्य बनवणाऱ्यांच्या मदतीने किंवा त्यांच्याच प्रयोगशाळांत होते आणि वाचताना ते विसरू नये. परंतु पैसा कोणाचा हे पाहून निष्कर्ष फेकून देण्यापेक्षा मांडणी कशी होती हे पाहावे: विभागणी यादृच्छिक होती का, कोणत्या गटात कोण हे तपासणाऱ्याला ठाऊक होते का, मोजले काय. कधी कधी कंपनीचेच संशोधन उद्योगाला अडचणीचे ठरते. मार्स या खाद्य-कंपनीच्या वॉल्थम संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात निरोगी मांजरींच्या खाद्यात विरघळणारे फॉस्फेट क्षार मोठ्या प्रमाणात आणि कॅल्शियम तुलनेने कमी ठेवले, तेव्हा मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटली आणि एक प्रयोग चार आठवड्यांतच थांबवावा लागला. मांस किंवा धान्य यांतील नैसर्गिक फॉस्फरस आणि चव, पोत वा आम्लता यांसाठी मिसळलेले हे क्षार शरीरात सारखे वागत नाहीत. क्षार झटकन शोषले जातात. तुमच्या जुन्या खाद्याच्या घटकांत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, डायसोडियम फॉस्फेट किंवा फॉस्फोरिक आम्ल अशी नावे दिसली, तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, कारण प्रयोगातील मात्रा फार मोठी होती. पण पुढची निवड करताना ती नावे मागे ठेवावीत, एवढा अर्थ त्यातून जरूर घ्यावा.

आता खाद्य परत कसे आणायचे. आधी मळमळ आवरा. त्यासाठी उलटीविरोधी आणि भूक वाढवणारी औषधे असतात आणि ती डॉक्टरांकडून मागून घेण्यात संकोच नको. मांजर चार-सहा दिवस नीट खाऊ लागली की तिच्या जुन्या खाद्याशेजारी वेगळ्या वाटीत नव्या खाद्याचे दोन घास ठेवा. ते खाल्ले नाहीत तरी चालेल. मग हळूहळू जुने कमी, नवे जास्त, असे करत तीन-चार आठवडे, वाटल्यास दोन महिनेही घ्या. हे खाद्य कोरडे, वाटलेले, रसातल्या तुकड्यांचे अशा रूपांत आणि वेगवेगळ्या बनावटींचे मिळते. एकाला नकार म्हणजे सगळ्यांना नकार नव्हे. ओले खाद्य किंचित कोमट केले की त्याचा वास उठतो आणि म्हाताऱ्या मांजरीला तेवढेच पुष्कळदा पुरते. औषधाच्या गोळ्या या खाद्यात लपवू नका, कारण चव कळली की खाद्यावरचाही विश्वास जाईल. अन्नाची वेळ, जागा आणि वाटी जुनीच ठेवा.

आणि इतके करूनही तिने ते नाकारलेच, तर? तर अर्धे नवे आणि अर्धे जुने हेही चालण्याजोगे आहे. वयस्क मांजरींसाठीचे, फॉस्फरस मध्यम ठेवलेले साधे ओले खाद्य हा दुसरा मार्ग आणि जेवणातील फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणारी औषधे अन्नात मिसळून देणे हा तिसरा. ती मात्र रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनीच ठरवावीत. पोटात न गेलेल्या उत्तम पथ्यापेक्षा पोटात गेलेले मध्यम अन्न तिच्या अधिक कामाचे आहे. दुसऱ्या टप्प्यावर तर फार कडक बंधनही सर्वांना मानवत नाही: सुरुवातीच्या टप्प्यातील काही मांजरींत फॉस्फरस खूप कमी केल्यावर रक्तातील कॅल्शियम वाढलेले आढळले आहे आणि मध्यम बंधनाच्या खाद्यावर आणल्यावर ते खाली आले आहे. तेव्हा पुढच्या तपासणीत फॉस्फरसबरोबर कॅल्शियमही पाहायला सांगा. आयरिस या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दुसऱ्या टप्प्यासाठी फॉस्फरसचे लक्ष्य २.७ ते ४.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ठेवले आहे. तुमच्या पत्रात क्रिएटिनिनचा आकडा आहे, फॉस्फरसचा नाही. लघवीतील प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाब यांचाही उल्लेख नाही. क्रिएटिनिन २.३ म्हणजे दुसरा टप्पा हे खरे, कारण मांजरींत तो १.६ ते २.८ असा धरतात, पण पुढची वाटचाल कशी असेल हे या उरलेल्या आकड्यांवरून जास्त कळते. वाढलेला रक्तदाब तर मांजरीची दृष्टी अचानक घालवू शकतो आणि त्यावर गोळी आहे.

घरी शिजवून घालण्याचा विचार तुमच्या पत्रात नाही, पण याच अवस्थेतील इतर वाचकांच्या मनात तो येतो. २०१२ मध्ये किडनीच्या आजारातील कुत्र्या-मांजरांसाठी पुस्तकांत व इतरत्र छापलेल्या ६७ पाककृती तपासल्या गेल्या आणि पोषणाच्या सर्व गरजा पुरवणारी त्यांत एकही निघाली नाही. पशु-पोषणतज्ज्ञाने त्या जनावरासाठी आखून दिलेली, ठरलेली पूरके घातलेली कृती असेल तर घरचे अन्न चालते; अंदाजपंचे चालत नाही.

कुत्र्याला मात्र या सगळ्यात ओढू नका. तो निरोगी आहे, सहा वर्षांचा आहे आणि निरोगी कुत्र्याची प्रथिने कमी केल्याने त्याची मूत्रपिंडे वाचतात असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. त्याची मूत्रपिंडे खरोखर जपायची असतील तर धोका दुसरीकडे आहे: द्राक्षे आणि बेदाणे, माणसांच्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि लेप्टोस्पायरोसिस, ज्यावर लस आहे. (मांजरीच्या बाबतीत यात लिलीची भर घाला, त्या फुलाचा परागसुद्धा तिची मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पाडू शकतो.) वर्षातून एकदा त्याचे रक्त आणि लघवी तपासा. ज्या वाचकांच्या कुत्र्यालाच हा आजार झाला आहे, त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट: नैसर्गिक आजार असलेल्या ३८ कुत्र्यांच्या २००२ च्या चाचणीत किडनीच्या खाद्याने प्रकृती अशी एकाएकी गंभीर होण्याचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाला, त्यांच्या बाबतीत खाद्यबदल जरूर करावा आणि लघवीतून प्रथिने जात असतील तर तो लवकर करावा.

दोघांची जेवणे वेगळ्या जागी, शक्यतो मांजरीची उंचावर, मांडा. कुत्र्याने मांजरीच्या वाटीवर ताव मारला तर तिने किती खाल्ले हेच तुम्हाला कळणार नाही; आणि कुत्र्याच्या खाद्यावर मांजरीला ठेवता येत नाही, कारण टॉरीन या तिच्या अत्यावश्यक घटकाची त्यात खात्री नसते.

घरातील त्या दोघांना चुकीचे ठरवण्याच्या भरीस पडू नका. पहिल्याला खास खाद्याचे महत्त्व कळले आहे आणि दुसऱ्याला अन्नाचा संबंध कळला आहे. एकाकडे मांजरीचे दर आठवड्याचे वजन लिहून ठेवण्याचे काम द्या आणि दुसऱ्याकडे खाद्य बनवणाऱ्याला लिहून "१००० किलोकॅलरीमागे फॉस्फरस किती आणि त्यातला मिसळलेल्या क्षारांचा किती" हे विचारण्याचे. पिशवीवर दिलेली टक्केवारी ओल्या आणि कोरड्या खाद्यांची तुलना करायला निरुपयोगी असते. नव्या खाद्यावर ती स्थिरावली की चार ते आठ आठवड्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब पुन्हा तपासा, रक्तासाठी तिला शक्यतो सकाळी काही खायला घालण्यापूर्वी न्या, आणि त्यानंतर प्रकृती स्थिर असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी. मधल्या काळात वजन सलग दोन आठवडे उतरले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.